कामाचा साखरपुडा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या पटांगणात मी शेवटचं भाषण केलं तेव्हा विषय होता ‘माझा आवडता ऋतू’. चौथ्या वाक्याला विसरले आणि रडत खाली उतरले. समोर बसलेल्या बाईंना ते आठवत असणार, त्या आत्ताच हसायला लागल्यात. म्हणून या वेळी लिहून आणलंय.

संयोजकांनी विषय दिलाय, ‘घरून काम : कर्मचाऱ्यांची एंगेजमेंट आणि प्रॉडक्टिव्हिटी’. फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, “कुणाची एंगेजमेंट? मला कसं कळवलं नाही?” आपल्याकडे एंगेजमेंट म्हणजे साखरपुडा. आमच्या कंपन्यांत मात्र माणसाचा कामात जीव किती आहे, त्याला एंगेजमेंट म्हणतात आणि दर सहा महिन्यांनी प्रश्नावली पाठवून तो जीव पाचपैकी किती, ते मोजतात. विचार केल्यावर आईचाही अर्थ मला पटला. साखरपुड्यात दोन घरं एकमेकांना शब्द देतात आणि मग लग्नापर्यंत सणावाराला जाणं-येणं ठेवतात. जाणं-येणं थांबलं की गावाला कळतं, काहीतरी बिनसलंय.

प्रॉडक्टिव्हिटी तर आपल्या भागाला समजावून सांगायलाच नको. एकरी किती टन, झालं.

मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या. चौदा जणांची टीम माझ्याकडे आहे. मार्च २०२० च्या आधी माझा संसार दोन गावांत वाटलेला होता. नवरा बारामतीच्या एमआयडीसीत, मी हिंजवडीत, मुलगा माझ्याजवळ आणि सासूबाई बारामतीत. शनिवार आला की कुणीतरी पिशवी भरून कुणाकडे तरी निघायचं. ९ मार्चला राज्यातले पहिले रुग्ण पुण्यात सापडले. पुढच्या आठवड्यात कंपनीने लॅपटॉप घरी न्यायला सांगितले. २२ तारखेच्या जनता कर्फ्यूच्या आधी मी मुलाला घेऊन बारामतीला आले, दोन जोड कपडे घेऊन. पंधरा दिवसांचा तर प्रश्न होता. त्या पंधरा दिवसांची अडीच वर्षं झाली.

त्याआधी घरून काम हा आमच्या धंद्यात अपवाद होता. परदेशी गिऱ्हाइकाची माहिती बाहेर फुटेल ही भीती होती, शिवाय दूरसंचार खात्याच्या अटीही होत्या. मार्चमध्ये त्या तात्पुरत्या सैल केल्या आणि नोव्हेंबरमध्ये बऱ्याचशा कायमच्याच काढल्या. टीसीएसने तर जाहीर केलं की २०२५ पर्यंत आमची फक्त पंचवीस टक्के माणसं कचेरीत लागतील. त्याच कंपनीने २०२३ मध्ये सगळ्यांना आठवड्याचे पाचही दिवस परत बोलावलं. यात हसण्यासारखं काही नाही. त्या काळात कुणालाच कळत नव्हतं, आम्हालाही नाही.

एप्रिलमध्ये बारामतीत भिलवाडा पॅटर्न आला. शहर बंद, किराणा-भाजी घरपोच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझं ऑफिस थाटलं गेलं. सासूबाई अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाच्या मीटिंगमध्ये नेमक्या खलबत्ता काढायच्या. एकदा तिकडच्या साहेबाने विचारलं, बांधकाम चाललंय का? पण काम होत होतं, हे सांगितलं पाहिजे. रोज हिंजवडीच्या रस्त्यावर जे दोन-तीन तास जायचे ते वाचले, आणि खरं सांगायचं तर ते आम्ही कंपनीलाच दिले. माझ्या टीमचे आकडे त्या वर्षी आधीपेक्षा चांगले होते. मे महिन्यात कारखाने सुरू झाले तसा नवरा मास्क लावून शिफ्टला जायला लागला. लोखंड काही घरी आणून कापता येत नाही. तो दारात बूट घालायचा आणि मी टेबलावर बसून ‘कामावर’ असायचे. त्याच्या मनात काय यायचं ते त्याने कधी बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवसांत डबा तो स्वतः भरून घ्यायचा.

लॅपटॉपवर प्रत्येकाच्या नावापुढे एक ठिपका असतो. माणूस जागेवर असेल तर हिरवा, उठून गेला तर पिवळा. चौदा हिरवे ठिपके दिसले की मला वाटायचं, टीम बसलीय, काम चाललंय, सगळं ठीक आहे.

जुलै २०२० मध्ये टीममध्ये एक मुलगा आला. लातूर जिल्ह्यातल्या खेड्यातला, कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला. त्याचं नाव सांगत नाही. लॅपटॉप कुरिअरने तालुक्याला आला, तो त्याने मोटारसायकलवर घरी नेला. त्याने कंपनी पाहिली नव्हती आणि आम्ही त्याला पाहिलं नव्हतं. नेट पुरायचं नाही म्हणून त्याचा कॅमेरा कायम बंद. रोज सकाळी दहाच्या मीटिंगमध्ये प्रत्येकाने दोन वाक्यं बोलायची, काल काय केलं, आज काय करणार. तो म्हणायचा, “कालचंच पुढे चालू आहे, मॅडम. अडचण नाही.” काम वेळेत द्यायचा. एंगेजमेंटच्या प्रश्नावलीत त्याने सगळ्या प्रश्नांना पाचपैकी पाच गुण दिल्याचं मला नंतर त्याच्याकडूनच कळलं. उत्तरांवर नाव नसतं यावर त्याचा विश्वास नव्हता.

चौदा महिन्यांनी त्याचा राजीनामा आला. मी थक्क झाले. जाताना शेवटचा फोन करायची पद्धत असते, तो मी केला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने कॅमेरा लावला. मागे पत्र्याची भिंत आणि खुंटीला टांगलेला छत्री-टोपीचा पसारा. नेट मिळावं म्हणून तो शेजाऱ्यांच्या माळवदावरच्या खोलीत बसायचा. मी विचारलं, पगार कमी पडला का? तो म्हणाला, “नाही मॅडम. चौदा महिन्यांत तुम्ही मला अकरा वेळा फोन केला. प्रत्येक वेळी काहीतरी अडलं होतं म्हणून. मी कंपनीत लागलोय असं मला कधी वाटलंच नाही.”

त्याने ते मोजलं होतं.

मग त्याने सांगितलं की एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत त्याचे वडील गेले. मी रजेची यादी काढून पाहिली. चार दिवसांची रजा होती, कारण ‘वैयक्तिक’. मी ती मोबाईलवरून मंजूर केली होती, बहुधा भाजी चिरता चिरता. पाचव्या दिवशी दहाच्या मीटिंगमध्ये तो म्हणाला होता, कालचंच पुढे चालू आहे. आणि चौदांतल्या एकालाही काही कळलं नव्हतं. ठिपका हिरवा होता.

बाई, त्या रात्री मला तुमचा हजेरीपट आठवला. तुम्ही मान वर न करता नावं घ्यायचात. आठवीत असताना एकदा आमच्या घरी रात्री मोठं भांडण झालं होतं, मी न जेवता शाळेत आले आणि ‘हजर’ म्हटलं. तुम्ही पुढच्या नावावर गेलात. मधल्या सुट्टीत मला बोलावून डब्यातली अर्धी पोळी दिलीत. काही विचारलं नाहीत. एवढ्या एका शब्दावरून तुम्हाला कसं कळलं, हे मला इतक्या वर्षांत विचारायचं राहूनच गेलं.

माझे अण्णा चिटबॉय होते, हे इथल्या पुष्कळांना माहीत आहे. भवानीनगरचा कारखाना तिकडे आणि ऊस इकडे चार-पाच वाड्यांत पसरलेला. कुठला फड कधी तोडायचा, कुठली टोळी कुठे लावायची, गाडी भरली की चिठ्ठी फाडायची, हे अण्णांचं काम. म्हणजे बघा, कचेरीपासून लांब बसून काम करणं आपल्या भागाला नवीन नाही. कारखान्याचा साहेब फडात येत नाही आणि तोडणारा माणूस कारखान्याच्या कचेरीत जात नाही. मधे फक्त वजनकाटा. काट्यावर टनेज आलं की साहेब खूश. आमच्या हिरव्या ठिपक्याचा हा थोरला भाऊच.

अण्णांना मी त्या मुलाची गोष्ट सांगितली. त्यांनी एवढंच विचारलं, “संध्याकाळी जायचीस का कोप्यांवर?”

तोडणीच्या टोळ्या बीडकडून यायच्या आणि कालव्याच्या कडेला कोप्या घालून राहायच्या. अण्णा दिवसभर सायकलवर फिरून आल्यावरही संध्याकाळी तिकडे चक्कर मारायचे. चिठ्ठी नाही, वजन नाही, काही काम नाही. गुळाचा काळा चहा प्यायचा, कुणाचं पोरगं आजारी आहे, कुणाच्या बैलाचा खूर दुखतोय, मुकादमाने कुणाशी खटका घेतलाय, हे ऐकून यायचं. आई चिडायची. यात सगळी मायाच होती असं समजू नका. उचल घेतलेली टोळी रातोरात निघून गेली तर जाब अण्णांना द्यावा लागायचा, आणि टोळी जाणार असेल तर ते काट्यावर कळत नाही. ते काळ्या चहावर कळतं. अण्णा सांगत होते की ज्या टोळीचं वजन शेवटच्या आठवड्यात एकदम वाढतं, तिच्यावर जास्त लक्ष ठेवायचं. ती हिशेब पुरा करून निघण्याच्या तयारीत असते. मी राजीनाम्याआधीचा त्या मुलाचा महिना काढून पाहिला. सगळ्यात जास्त काम त्याच महिन्यातलं होतं.

आता थोडं अभ्यासाचं सांगते, नाहीतर सर म्हणतील, नुसत्या गोष्टी सांगितल्यास, पुरावा कुठे?

चीनमधल्या एका मोठ्या प्रवास कंपनीने २०१० च्या शेवटी शांघायच्या आपल्या कॉलसेंटरमध्ये प्रयोग केला. ज्यांनी घरून काम करायची तयारी दाखवली त्यांच्यातल्या निम्म्यांना, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून, नऊ महिने घरी बसवलं. घरच्यांचं काम तेरा टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. कंपनी खूश झाली. पण प्रयोग संपल्यावर विचारलं तेव्हा घरून काम करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे म्हणाले, आम्हाला कचेरीत यायचंय. मुख्य कारण, एकटं वाटतं. आणि घरी बसणाऱ्यांचं काम जितकं चांगलं होतं त्या मानाने त्यांना बढत्या कमी मिळाल्या होत्या. नजरेआड झालेला माणूस बढतीच्या दिवशी आठवत नाही.

आपल्या देशातला प्रयोग वेगळंच सांगतो. चेन्नईत माहिती भरणाऱ्या कामगारांना असंच सोडत काढून काहींना घरी, काहींना कचेरीत बसवलं. घरी बसलेल्यांचं काम अठरा टक्क्यांनी कमी भरलं, आणि त्यातला बराचसा फरक पहिल्याच दिवसापासून होता. आशियातल्या एका मोठ्या आयटी कंपनीतल्या दहा हजारांहून जास्त लोकांची कोविडआधीची आणि कोविडमधली नोंद तपासली, तर दिसलं की लोक तास जास्त घालत होते आणि काम तेवढंच किंवा किंचित कमी होत होतं. मीटिंगा वाढल्या होत्या, सलग शांत काम करायचा वेळ घटला होता, आणि वरिष्ठाशी समोरासमोर होणारं शिकवणं-बोलणं कमी झालं होतं. घरात लहान मुलं असलेल्यांना फटका जास्त. हे वाचून मला जरा धीर आला. खलबत्ता फक्त आमच्याच घरात नव्हता.

मग घरून काम वाईट का? नाही. त्याच चिनी कंपनीने नंतर सोळाशेवर लोकांवर दुसरा प्रयोग केला, आठवड्यातले दोन दिवस घरी आणि बाकी कचेरीत. तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. काम घटलं नाही, बढत्यांत फरक पडला नाही, आणि सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाने उतरलं. मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. प्रयोगाआधी मॅनेजर लोकांना वाटत होतं की काम कमी होईल, आणि प्रयोगानंतर त्यांचंच मत फिरलं. मॅनेजरचं मत फिरणं किती अवघड असतं, हे मी स्वतः मॅनेजर असल्याने सांगू शकते.

हे सगळं वाचून माझी एक समजूत झाली आहे. ज्याला काम येतं, ज्याची माणसं आधी जोडलेली आहेत, ज्याच्या घरात एक दार बंद करता येतं, त्याचं घरून छान चालतं. माझं चाललं. ज्याला अजून काम शिकायचंय आणि कंपनीत एकही चेहरा ओळखीचा नाही, त्याला घरी बसवणं म्हणजे साखरपुडा करून मुलीकडे कुणी फिरकूच नये तसं आहे. गुण पाचपैकी पाच येतात आणि एक दिवस माणूस निघून जातो.

मी काय बदललं, तेही थोडक्यात सांगते. नव्या माणसाचे पहिले तीन महिने कचेरीतच, आणि त्या काळात मीही जास्त दिवस तिथे जाते. दर आठवड्याला प्रत्येकाला एक फोन, ज्यात कामाचं विचारायचं नाही. सुरुवातीला फार अवघडल्यासारखं व्हायचं. एकाने घाबरून विचारलं, “मॅडम, मला काढताय का?” वर्ष लागलं, तेव्हा कुठे लोक स्वतःहून बोलायला लागले. त्या मुलाला मी पुढे फोन केला, माफी मागितली. तो हसला आणि म्हणाला, जाऊ द्या मॅडम. त्याला दुसरीकडे चांगली नोकरी आहे. त्याने मला माफ केलंय की नाही, मला अजून कळलेलं नाही.

आणि उलट बाजूही पाहिली. कंपनीने आठवड्यातले तीन दिवस सक्तीचे केले तेव्हा माझ्या टीममधली सगळ्यात हुशार मुलगी सोडून गेली. सासरे अंथरुणाला खिळलेले, मूल दीड वर्षांचं. मी वरपर्यंत भांडले. वरून उत्तर आलं की नियम सगळ्यांना सारखा. चौदांतल्या त्या एका मुलासाठी मी जेवढी रडले, तेवढीच हिच्यासाठीही रडले. मला स्वतःला महिन्यातले आठ दिवस यायची सवलत मिळाली, कारण मी जुनी. त्या आठ दिवसांसाठी पहाटेची बारामती-स्वारगेट विनाथांबा गाडी आणि पुढे हिंजवडी. कंबर बोलते, पण जाते.

आता ज्यासाठी मी हे भाषण स्वीकारलं ते सांगते.

आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांची मुलं आज घरून काम करतायत. बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी, कळस, भिगवण, प्रत्येक गावात दोन-चार आहेत. काल रात्री आपल्यातलाच एकजण सांगत होता, त्याचा मुलगा मीटिंग आली की गाडी कालव्याच्या पुलाजवळ नेऊन उभी करतो, तिथे रेंज येते. दुसरीची मुलगी बी.ई. होऊन सकाळी दहा ते रात्री आठ एका खोलीत असते. आईला वाटतं, पोरगी दिवसभर मोबाईल बघते. पाहुणे आले की तिलाच चहा टाकायला सांगतात, कारण ती ‘घरीच असते’. तिला नोकरी आहे, हे त्या घराला अजून नीट पटलेलं नाही, आणि तिच्या कंपनीला तिचं घर माहीत नाही. ही मुलं गावात आहेत आणि गावातल्या कुणाबरोबरही नाहीत.

आपल्या बॅचने शाळेसाठी पैसे जमवलेत. त्यातून प्रवेशद्वारावर कमान बांधायची, वर ‘दहावी १९९५’ लिहायचं, असं ठरत आलंय. कमानीला माझा विरोध नाही, फोटो चांगले येतात. पण मुख्याध्यापक सरांशी मी बोलले आहे. जुन्या प्रयोगशाळेमागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. तिथे फायबरचं कनेक्शन, एक इन्व्हर्टर, दहा टेबलं आणि दार बंद होणारी एक लहान खोली फोनवर बोलायला, एवढं केलं तर या मुलांना बसायला जागा होईल. शाळेच्या वेळेत शाळेची मुलंही त्यांना काम करताना बघतील. दुपारी डबे एकत्र उघडले जातील. त्यांच्यापैकी कुणाचा आवाज एखाद्या दिवशी बसलेला असेल, तर शेजारच्या टेबलावरच्याला कळेल. कंपनी कुठलीही असेना.

देखभाल कोण करणार, वीजबिल कोण भरणार, मुलींना संध्याकाळी उशीर झाला तर काय, हे प्रश्न काल रात्री मला विचारले गेले आणि ते बरोबरच आहेत. वीजबिलाचं पहिल्या वर्षाचं मी बघते. चावी ठेवायला अण्णा तयार आहेत. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, संध्याकाळी त्यांना कुठेतरी चक्कर मारायला जागा हवीच आहे.

तेव्हा कमान की खोली, हे जेवणानंतर हात वर करून ठरवू. फक्त जेवण वेळेवर वाढा. उद्या माझा कचेरीचा दिवस आहे, गाडी साडेपाचची आहे.